नवा लॅपटॉप कोणता घ्यावा?

घरांतील लॅपटॉप जुना झाला, आतां कोणता घ्यावा, हा प्रश्न हल्लीं पुष्कळ कुटुंबांतून विचारला जातो. वरवर पाहतां हा केवळ बाजारहाटाचा प्रश्न भासतो. परंतु मध्यम स्थितीच्या गृहस्थास ही रक्कम बहुधा दुसऱ्या एखाद्या गरजेंतून काढावी लागते. म्हणून या बाबतींत आमचें मत स्पष्टपणें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें. तें असें कीं, घरांतला जुना लॅपटॉप खरोखरच संपला आहे काय, याची आधीं परीक्षा करावी. आणि नवा घेणें भागच असेल, तर ज्याची दुरुस्ती होऊं शकते असाच घ्यावा.

लॅपटॉप मंद झाला म्हणजे तो कायमचा निकामी झाला, हा समज आम्हांस मान्य नाहीं. आठ-दहा वर्षांपूर्वींच्या पुष्कळ यंत्रांत माहिती सांठविण्यासाठीं फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असे. तिच्या धिम्या गतीनेंच सारें यंत्र चालतें. तिच्या जागीं एसएसडी बसविली व मेमरी ४ जीबीची ८ जीबी केली, कीं तेंच यंत्र पुष्कळदां पुन्हां तरतरीत होतें. बॅटरी तर झिजणारीच वस्तु. कांहीं शें वेळां भरून रिकामी झाली, कीं तिची शक्ति उतरते. ती बदलतां येते. म्हणून प्रथम माहितगार कारागिराकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. २०२५ च्या उत्तरार्धांत मेमरीचे भाव बरेच चढले, तेव्हां जुना ऐकीव आंकडा प्रमाण मानूं नये. मदरबोर्डच बिघडला असेल, अथवा दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर मात्र जुन्याचा हट्ट धरूं नये.

दुसरी अडचण निराळी आहे. विंडोज १० ही प्रणाली २०१५ सालीं निघाली, आणि मायक्रोसॉफ्टनें तिचा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. पुढील विंडोज ११ साठीं टीपीएम २.० व बऱ्याच अंशीं अलीकडचा प्रोसेसर आवश्यक असल्यामुळें कित्येक धडधाकट यंत्रें एका दिवसांत टाकाऊ ठरूं लागलीं. यंत्र बिघडलें नसतां केवळ एका तारखेमुळें तें टाकून द्यावें, हें आम्हांस पटत नाहीं. अशा यंत्रावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली घालतां येते. निबंध लिहिणें, इंटरनेटवर वाचणें, व्याख्यानें पाहणें, मराठी टंकलेखन करणें, इतक्या कामांस ती पुरेशी आहे. मात्र ज्याचें काम टॅली किंवा ऑटोकॅडवर अवलंबून आहे, त्यानें हा मार्ग धरूं नये. हे प्रोग्रॅम तेथें सरळपणें चालत नाहींत.

कोणी म्हणतील, मुलगा अभियांत्रिकीस जाणार, तेव्हां सर्वांत भारी यंत्रच घेतलेलें बरें. आमचें म्हणणें, प्रवेश होऊं द्यावा, कोणते प्रोग्रॅम लागतात तें कॉलेजांत विचारावें, आणि मगच पैसे काढावे. उदाहरणार्थ, सॉलिडवर्क्स हा विंडोजसाठींच केलेला आहे. हौसेनें मॅकबुक घेणाऱ्यास हें मागाहून कळणें फार महागांत पडेल. तसेंच डब्यावरील ‘आय ७’ हीं अक्षरें पाहून भुलूं नये. जुन्या पिढीच्या ‘आय ७’ हून नव्या पिढीचा ‘आय ५’ पुष्कळदां सरस असतो. म्हणून पिढी कोणती, हें अवश्य विचारावें. प्रोसेसरच्या नांवाशेवटीं ‘यू’ असेल तर तो वीज कमी खाणारा, आणि ‘एच’ असेल तर अधिक काम ओढणारा पण अधिक तापणारा, असें स्थूल मानानें समजावें.

आतां मुख्य मुद्दा. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत मेमरी मदरबोर्डावरच डाखून बसविलेली असते. ती पुढें वाढवितां येत नाहीं. आज आठ हजार रुपये वांचले म्हणून कमी मेमरीचें असें यंत्र घेणारा चार वर्षांनीं सबंध यंत्राचे पैसे मोजतो. याकरितां दुकानदारास तीन प्रश्न विचारावे: मेमरी वाढवितां येते काय? एसएसडी व बॅटरी बदलतां येतात काय? आणि दुरुस्तीची सोय आपल्या गांवीं वा जवळच्या शहरीं आहे काय? फ्रान्समध्यें जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या दुरुस्तियोग्यतेस १० पैकीं गुण देऊन ते विक्रीच्या वेळीं दाखविण्याचा कायदा झाला. आपल्याकडेहि केंद्र सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें ‘राइट टू रिपेअर’ हें संकेतस्थळ सुरू केलें. तथापि दुकानांत उभें राहून प्रश्न विचारण्याचें काम ग्राहकानेंच करावयाचें आहे.

विद्यार्थिमित्रहो, रंगीत दिव्यांचा कीबोर्ड पाहून तुमचें मन लोभावतें, हें आम्ही जाणतों. परंतु मागणी करण्यापूर्वीं आपल्या कामांची यादी करा, कारागिराचा अंदाज आणा, आणि दोन्ही कागद वडिलांपुढें व आईपुढें ठेवा. पालकहो, आपणहि ‘तुला काय कळतें’ असें न म्हणतां मुलास हिशेबास जवळ बसवावें. घरांत पैसा किती आहे व तो कसा येतो, हें ज्या मुलास ठाऊक असतें, तें मूल अंथरूण पाहून पाय पसरावयास आपोआप शिकतें. आणि तें शिक्षण कोणत्याहि लॅपटॉपपेक्षां अधिक काळ टिकतें, अशी आमची खात्री आहे.