लस कोणती? मग सक्तीचं बोलू!

'लसीकरण सक्तीचे करावे काय?' कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेतला हा हुकमी विषय. एक जण म्हणतो, 'समाजाच्या हितापुढे व्यक्तीचं स्वातंत्र्य दुय्यम.' दुसरा म्हणतो, 'माझं शरीर, माझा निर्णय.' टाळ्या दोघांनाही पडतात. पण दोघेही एक साधा प्रश्न विचारायला विसरतात : कोणती लस? कारण सगळ्या लसी एकच काम करत नाहीत. काही लसी फक्त घेणाऱ्याला वाचवतात, काही त्याच्या शेजाऱ्यालाही वाचवतात. सक्तीचं उत्तर या फरकात आहे. आणि तो समजून घ्यायला लांब कुठे जायला नको, आपल्या सिंधुदुर्गातच बघू.

गोवर : चाकरमान्यांच्या गाडीतून येणारा

गोवराचा एक रुग्ण, लस न घेतलेल्या लोकांत वावरला तर, साधारण १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. इतका वेगाने पसरणारा आजार क्वचितच सापडेल. त्याला रोखायचं तर १०० पैकी ९५ मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. पहिला डोस मिळतो नऊ महिने पूर्ण झाल्यावर. म्हणजे सहा महिन्यांच्या बाळाला वाचवणारी लस त्याच्या दंडात नसते, ती आजूबाजूच्या मुलांच्या दंडात असते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, गोवराचा उद्रेक झाला. त्यात लहान मुलांचे जीव गेले. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुलं मोठ्या संख्येने होती. 'ते मुंबईत, आपण मालवणात' असं म्हणून चालेल का? गणपती आणि शिमग्याला कोकण रेल्वे भरभरून मुंबई इथे उतरवते. चिरेखाणींवर परराज्यांतून कुटुंबं येतात आणि त्यांची मुलं एका गावच्या यादीतून सुटून दुसऱ्या गावच्या यादीत पोचतातच असं नाही. यादीतल्या अशा फटीतूनच गोवर शिरतो.

माकडताप : लस असूनही नसलेली

आता दुसरं टोक. २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यात केर गाव परिसरात माकडतापाचे रुग्ण सापडले. पुढच्या वर्षी तो सावंतवाडी तालुक्यात बांदा भागात पोचला. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा आजार गोचिडीतून येतो. काजूच्या बागेत राबणारे, जंगलात लाकूडफाटा आणायला जाणारे त्यात सापडतात. तो माणसातून माणसाला होत नाही.

त्यावर लस होती. कर्नाटकात ती वर्षानुवर्षं दिली गेली. पण ती पुरेसं संरक्षण देत नाही असं दिसून आलं आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. नवी लस तयार करण्याचं काम सुरू आहे. समजा, त्या जुन्या लसीची कुणी सक्ती केली असती तर? लस न घेणाऱ्याकडून शेजाऱ्याला धोका नव्हता आणि घेणाऱ्यालाही पूर्ण कवच नव्हतं. धनुर्वाताची लस मात्र उत्तम चालते. रापण ओढताना पायात गंजका गळ घुसला तर तीच जीव वाचवते. पण धनुर्वातही एकाकडून दुसऱ्याला होत नाही. अशा लसींसाठी समजावून सांगणं योग्य, सक्ती नव्हे.

कोविड : मधल्या रेषेवरची

तिसरं उदाहरण तुमच्याच कॉलेजच्या गेटवरचं. २० ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातली महाविद्यालयं पुन्हा उघडली, पण वर्गात बसायला दोन्ही डोस हवेत या अटीवर. तुम्ही तेव्हा शाळेत असाल, पण सिनियर दादा-ताईंना विचारा. त्याच महिन्याच्या अखेरीस 'मिशन युवा स्वास्थ्य' मोहिमेतून कॉलेजमध्येच लस द्यायला सुरुवात झाली. म्हणजे आधी अट आली, मग सोय. मे २०२१ मध्ये तर १८ ते ४४ वयोगटाला कोविनवर स्लॉट पकडावा लागायचा. ज्या वाडीत रेंज मिळवायला टेकाडावर चढावं लागतं, तिथल्या पोराने तो कसा पकडायचा?

या लसीने गंभीर आजार आणि मृत्यू मोठ्या प्रमाणात टाळले, यात शंका नाही. पण संसर्ग पूर्ण थांबवण्यात ती कमी पडली. नेमका हाच मुद्दा २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विचारात घेतला. डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितलं की, कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, कारण स्वतःच्या शरीरावरचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो. पण सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार बंधनं घालू शकतं. अट एवढीच की ती धोक्याच्या प्रमाणात असावीत. लस न घेतलेल्यांकडून जास्त संसर्ग होतो असं दाखवणारी माहिती समोर नसल्यामुळे त्या वेळची बंधनं प्रमाणात बसत नव्हती. मात्र सरकारचं लसीकरण धोरण न्यायालयाने चुकीचं ठरवलं नाही. दोन्ही गटांना हा निकाल अर्धाच आवडतो, म्हणून तो पूर्ण वाचायला हवा.

कायदा की दार?

सक्तीने खरंच काम होतं का? मुंबईत देवीच्या लसीची सक्ती करणारा कायदा १८७७ साली आला. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला १९७५ मध्ये. मधल्या जवळपास १०० वर्षांत नुसत्या कायद्याने देवी गेली नाही. ती गेली घरोघरी रुग्ण शोधून, त्याच्या आसपासच्या प्रत्येकाला लस दिल्यावर. पोलिओचं तर उलट. १९९५ पासून पल्स पोलिओ ऐच्छिकच होता. पण बूथ एसटी स्टँडवर आले, सेविका दारात आल्या, बोटाला शाई लागली. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडलेला नाही.

मग सक्ती कधीच नको? तसंही नाही. इटलीने २०१७ मध्ये शाळकरी मुलांसाठी १० लसी सक्तीच्या केल्या. लस नसेल तर बालवाडीत प्रवेश नाही, मोठ्या मुलांच्या पालकांना दंड. गोवरासारख्या आजारात शाळाप्रवेशाच्या वेळी लसीचं कार्ड मागणं मला पटतं. पण कार्ड नाही म्हणून चिरेखाणीवरच्या मुलाला शाळेतून परत पाठवणं पटत नाही. चूक मोठ्यांची आणि शिक्षा मुलाला, असं का? त्याला वर्गात घ्या आणि तिथेच डोस द्या.

म्हणून पुढच्या वादविवादात उभं राहण्याआधी तीन प्रश्न विचारा. ही लस इतरांनाही वाचवते का? तिचे फायदे आणि दुष्परिणाम दोन्ही लोकांसमोर उघड मांडलेत का? ती शेवटच्या वाडीपर्यंत पोचली आहे का? तिन्ही उत्तरं 'हो' असतील तरच सक्तीचा विषय काढावा.

तोवर तुमच्या हातात काय आहे? आईकडून स्वतःचं जुनं लसीकरण कार्ड मागून घ्या. गोवर-रुबेलाचे दोन डोस आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वाताची लस झाली का ते बघा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची पुण्यात बनलेली लस २६ वर्षांपर्यंत घेता येते, डॉक्टरांना जरूर विचारा. आणि वाडीत कुणी म्हणालं, 'सुई मारल्यार पोराक ताप येता, मगे कित्याक मारूची?' तर हसू नका. एक-दोन दिवसांचा ताप का येतो आणि तो उतरल्यावर शरीरात काय उरतं, ते त्यांच्याच बोलीत सांगा. हे काम कायद्याला जमत नाही. घरातल्या शिकलेल्या पोरांनाच ते जमतं.