आकस्मिक खर्चाचे वेळापत्रक

जून उजाडला की महाराष्ट्रातल्या बेताच्या उत्पन्नाच्या घरांत एकच धावपळ सुरू होते. वह्या, दप्तर, गणवेश, बूट, शाळेच्या रिक्षाचे आगाऊ पैसे, फीचा पहिला हप्ता. त्याच पंधरवड्यात छत्री, रेनकोट आणि गळक्या पत्र्यावर टाकायची ताडपत्री. विदर्भात उन्हामुळे शाळा थोड्या उशिरा भरतात, एवढाच काय तो फरक. महिन्याच्या मध्यालाच हात आखडतो, किराणा दुकानदाराच्या वहीत उधारी चढते आणि घरोघरी म्हटले जाते, ‘यंदा खर्च अचानकच आला.’

शाळा मात्र गेल्या वर्षीही जूनमध्येच उघडली होती. पाऊसही तेव्हाच आला होता.

काटकसरीने चालणारी घरे उधळपट्टीमुळे क्वचितच अडचणीत येतात. तिथे उधळायला पैसा असतोच कुठे? ती अडतात ते ठरावीक महिन्यांत हमखास येणाऱ्या आणि तरीही कुठेच न मांडलेल्या खर्चांमुळे. एप्रिल-मे महिन्यांत लग्नसराई आणि आहेर, जूनमध्ये शाळा, जुलै-ऑगस्टमध्ये ताप, डेंग्यू आणि दवाखाना, मग गणपती, मग दिवाळी. मधेच कधीतरी मिक्सर जळतो, दुचाकीचा टायर जातो, फोन पाण्यात पडतो. नेमका दिवस सांगता येत नाही, पण वर्षभरात यातले बहुतेक काही ना काही घडतेच. घरखर्चाच्या वहीत या सगळ्याला जागा नसेल, तर वही कितीही नेटकी लिहिलेली असो, ती अपुरीच आहे.

एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, एका कुटुंबात महिन्याला २५,००० रुपये येतात. घरभाडे ६,०००, किराणा, दूध आणि भाजी ८,५००, वीज, गॅस आणि मोबाइल २,३००, प्रवास २,०००, मुलांची फी आणि शिकवणी २,५००, आजीची रोजची औषधे १,२००. एकूण २२,५०० रुपये. महिन्याला अडीच हजार रुपये उरतात, म्हणजे गाडा बरा चालला आहे असे वाटते. त्याच घराचे वर्षाचे खर्च आता वेगळे लिहू. शाळेची सुरुवात ६,०००, सणवार ८,०००, लग्नकार्ये आणि गावी जाणे-येणे ५,०००, दुरुस्त्या ५,०००, दवाखाना ६,०००. बेरीज ३०,००० आणि बाराने भागले तर बरोबर अडीच हजार. म्हणजे महिनाअखेरीस जी शिल्लक वाटत होती, ती शिल्लक नव्हतीच; तो येणाऱ्या महिन्यांचा हप्ता होता. हे ठाऊक नसलेले घर त्यातल्या एका चांगल्या महिन्यात हप्त्यावर टीव्ही घेते आणि पुढे वर्षभर ओढाताण सोसते.

हे शहाणपण मराठी घरांना नवे नाही. पैसा सुगीला एकदाच हाती येई, तेव्हा घरही वर्षाच्या हिशेबाने चालत असे. मार्च ते मे या काळात वर्षाचे धान्य भरले जाई, तूरडाळीला एरंडेल तेल लावले जाई, धान्यात कडुनिंबाचा पाला घातला जाई, तिखट-मसाला कुटून ठेवला जाई. गच्चीवर आणि अंगणात कुरडया, पापड, सांडगे वाळत. कोकणात आजही पावसाळ्याआधी आगोट भरतात. जून आणि जुलैमध्ये पश्चिम किनाऱ्यावर ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या दिवसांसाठी सुकट, बोंबील, चिंचा, कोकम घरात आणून ठेवायचे. पुढे पगार महिन्याला येऊ लागला आणि घराची नजरही महिन्यापुरतीच झाली. खर्च मात्र वर्षाच्या चालीनेच येत राहिले.

काही धक्के कोणत्याच वहीत आधी मांडता येत नाहीत, हेही खरे. मुंबईतल्या एखाद्या कुटुंबाने २०२५ च्या पहिल्या काही महिन्यांत काय अनुभवले ते पाहा. जानेवारीत एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. फेब्रुवारीत रिक्षाचे किमान भाडे २३ वरून २६ रुपये झाले. एप्रिलमध्ये घरगुती गॅस सिलिंडर ५० रुपयांनी महागला. मे महिन्यात ‘बेस्ट’चे साध्या बसचे किमान तिकीट ५ वरून १० रुपये झाले. वेगवेगळी पाहिली तर यातली एकही वाढ घर बुडवणारी नव्हती. पण पगार त्या महिन्यांत वाढला नव्हता, आणि रोज दोन वेळा बस पकडणाऱ्या माणसाला पाच रुपयांची वाढ महिन्याला अडीचशे रुपयांच्या घरात जाते.

भाजीपाल्याचे तर विचारूच नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातली भाज्यांची किरकोळ महागाई ४२ टक्क्यांवर गेली होती. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ४७ टक्के, तर शहरी कुटुंबांच्या खर्चात जवळपास ४० टक्के आहे. एकूण महागाईचा आकडा खाली आला, असे बातमीत वाचले तरी ज्यांचा निम्मा पैसा ताटातच जातो, त्यांची महागाई भाजी मंडईत ठरते.

अशा वेळी कात्री कुठे चालवायची, हा खरा कसोटीचा प्रश्न. पहिली कात्री बहुतेकदा दूध, अंडी, फळे, डाळ यांवर चालते, आणि तीही घरातल्या बाईच्या ताटापासून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आधीच अपुऱ्या असलेल्या ताटातून वाचवलेले पैसे पुढे दवाखान्यात द्यावे लागतात. ही काटकसर थांबलीच पाहिजे. फ्लॉवर-टोमॅटो परवडत नसतील त्या आठवड्यात मोड आलेली मटकी, चवळी, पिठले, हातसडीच्या तांदळाची खिचडी पोट आणि ताकद दोन्ही सांभाळतात.

कात्री चालवायला दुसऱ्या जागा आहेत. जुना छताचा पंखा ७५ वॉट वीज खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज बारा तास चालणारे दोन पंखे बदलले तर महिन्याला तीसहून जास्त युनिट वाचतात. महावितरणच्या बिलात १०० युनिटनंतरच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो. त्यामुळे या उंबरठ्याच्या जरा वर असलेल्या घराला वाचलेले प्रत्येक युनिट महागाचे असते. न वापरलेला मोबाइल रिचार्ज, न पाहिलेली वाहिनी, दर दोन वर्षांनी बदललेला फोन हेही तपासावे. पाकीटबंद मालावर आता प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमत छापावी लागते. ती वाचण्याची सवय लागली की ‘मोठे पाकीट स्वस्त’ हा समज प्रत्येक वेळी खरा नसतो, हेही कळते.

सगळ्यात मोठा घाव आजारपणाचा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून भरली. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते. सुधारणा मोठी आहे, पण ज्या घरात दहा हजारांची गंगाजळी नाही, तिथे उरलेला भारही असह्य ठरतो. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कोणत्याही रंगाची शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार अंगीकृत रुग्णालयांत मिळू शकतात. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. निर्धन रुग्णाची वार्षिक उत्पन्नमर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बल घटकाची ३ लाख ६० हजार रुपये आहे. रात्री दोन वाजता रुग्णाला घेऊन धावताना उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका हाताशी नसेल, तर मात्र या तरतुदी त्या घडीला कामी येत नाहीत. प्रत्येक घरात ही कागदपत्रे एका पिशवीत तयार असायला हवीत. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून दोन लाखांचे अपघात विमाछत्र आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचे आयुर्विमाछत्र मिळते. कमावत्या माणसाच्या नावावर हे दोन्ही नसणे, ही परवडणारी काटकसर नाही.

मग पैसा ठेवायचा कुठे? घरातल्या डब्यात ठेवलेले पैसे पहिल्याच गरजेला बाहेर येतात. म्हणूनच भिशी आणि बचत गट टिकून आहेत. तिथे ठरलेल्या तारखेला पैसे द्यावेच लागतात, चार बायका विचारतात. टपाल खात्यात महिन्याला शंभर रुपयांपासून पाच वर्षांचे आवर्ती ठेव खाते उघडता येते आणि बारा हप्ते भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्जही मिळते. भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून अधिक गरीब कुटुंबांच्या पैशांच्या नोंदी वर्षभर दर पंधरवड्याला घेऊन लिहिलेले ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ हे पुस्तक २००९ मध्ये आले. कमी पैशावर जगणारी घरे पैसा ठेवण्या-फिरवण्याचे एकाच वेळी अनेक मार्ग वापरतात आणि त्यांचा मोठा त्रास पैसे वेळेवर न येण्याचा असतो, हे त्यात तपशिलाने दिसते.

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडची गोष्ट इथे आठवावी. वेल्डिंगचे काम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी घरावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी रोज थोडेथोडे पैसे साठवायचे तर बँका तिचे खाते उघडेनात, कारण रक्कम फारच छोटी होती. सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला-सिन्हा यांनी बायकांची बँक काढण्याचे ठरवले तेव्हा संस्थापक सभासदांपैकी काहींना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका अक्षरे शिकल्या आणि अधिकाऱ्यांसमोर जाऊन म्हणाल्या की व्याजाचा हिशेब आम्ही गणकयंत्राशिवाय करून दाखवतो. १९९७ मध्ये माण देशी महिला सहकारी बँक उभी राहिली. गरीब बाईला हिशेब येतो; तिला हवे असते ते हिशेब ठेवण्याजोगे दार.

ते दार बंद असले की माणूस कर्जाकडे वळतो. क्रेडिट कार्डची ‘किमान रक्कम’ भरत राहिले तर उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहूनही जास्त, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर व्याज चढू शकते. लघुवित्त कर्जाचे नियम तरी माहीत असावेत. वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, आणि वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर कुणी फोन करू किंवा दारात येऊ शकत नाही.

या साऱ्या कसरतीचा भार कुणावर पडतो? २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८ मिनिटे. उधारीसाठी दुकानदाराशी बोलणे, मुलाची मागणी पुढच्या महिन्यावर ढकलणे, माहेरून गुपचूप पाचशे रुपये आणणे, ही कामे बहुतेक घरांत बाईच करते. पैसे कमी पडले की दोषही तिच्याच पदरी. घरखर्चाची वही दोघांनी मिळून लिहावी आणि दहावीतल्या मुलालाही ती वाचता यावी. घरात काय शक्य आहे हे कळलेले मूल हट्ट कमी करते, हा अनेक पालकांचा अनुभव आहे.

काटकसरीचे सगळे ओझे घरावर टाकून मोकळे होता येणार नाही. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या हजारो बायका महागाईविरोधात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा स्वयंपाकघरातला हिशेब सार्वजनिक प्रश्न झाला होता. तो आजही आहे. कंत्राटी कामगार आणि अंगणवाडी सेविका मानधन वेळेवर मिळावे म्हणून वर्षानुवर्षे मागणी करत आहेत. पैसा दोन महिने उशिरा आला तर जगातली कोणतीही वही जुळणार नाही. म्हणून घरांनी बारा महिन्यांचा हिशेब आजच मांडावा. आणि त्याचबरोबर शाळांनी जूनची फी हप्त्यांत घ्यावी, बँकांनी किमान शिल्लक नसल्याचा दंड गरीब खात्यांवरून काढून टाकावा, आणि सरकारसह प्रत्येक मालकाने पगार व मानधन पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावे.