विजेचें त्रैराशिक

गेल्या पौषांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे घरीं माहुलास जाण्याचा योग आला. तानसा जलवाहिनीच्या कडेचीं जीं कुटुंबें तेथून उठवून माहुलच्या वसाहतींत आणिलीं, त्यांपैकीं त्याचें एक. एकीकडे तेलशुद्धीचे कारखाने, दुसरीकडे ट्रॉम्बेचें वीजकेंद्र. चहा घेतां घेतां न्हाणीघराबाहेरच्या सॉकेटकडे आमचें लक्ष गेलें. त्याचा पांढरा रंग मध्यभागीं तपकिरी झाला होता, व हात जवळ नेतांच ऊब लागली. खालीं अंथरुणावर त्याची चार वर्षांची मुलगी निजली होती.

"गुरुजी, गीझर चालला कीं तेवढें तापायचेंच, असें वायरमन म्हणाला," तो म्हणाला. "आणि धोका असता तर एमसीबी पडला नसता का?"

प्रश्न रास्त होता. प्रथम आम्हीं गीझर बंद करविला, मुलीचें अंथरूण हलविलें, आणि मग कागद मागितला.

विजेच्या या हिशेबांत मुख्य राशि तीन. दाब व्होल्टांत मोजतात, प्रवाह अँपिअरांत आणि रोध ओहमांत. रोध तोच असतां दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होतो, हें त्रैराशिक. दाब तोच असतां रोध दुप्पट केला तर प्रवाह निम्मा होतो, हें व्यस्त त्रैराशिक. ज्यांनीं लीलावती वाचिली आहे त्यांस यांत नवें कांहीं नाहीं. दाबास प्रवाहानें भागिलें म्हणजे रोध निघतो, आणि दाबास प्रवाहानें गुणिलें म्हणजे शक्ति निघते, ती वॉटांत. हा नियम १८२७ सालच्या ग्रंथांत मांडणारा गेऑर्ग ओहम कोलोन येथें शाळामास्तर होता. आरंभीं त्याची कोणी फारशी कदर केली नाहीं. रॉयल सोसायटीचें पदक १८४१ सालीं मिळालें. व्यवसायबंधूविषयींचा हा अभिमान वाचकांनीं गोड करून घ्यावा.

गीझरच्या पट्टीवर २३० व्होल्ट, २००० वॉट असें लिहिलें होतें. २००० ला २३० नें भागितां प्रवाह सुमारें ८.७ अँपिअर येतो. २३० ला ८.७ नें भागितां रोध सुमारें २६.४ ओहम. सॉकेट मात्र दिवापंख्याचें, ६ अँपिअरचें. येथवरचा दोष कोणासही दिसेल. खरा घात पुढें आहे. स्क्रू ढिला पडून व तांबें काळवंडून त्या सांध्यांत अवघा अर्धा ओहम रोध उत्पन्न झाला असें धरूं. एकंदर रोध २६.९ झाला, व प्रवाह उलट उतरून सुमारें ८.५ वर आला. सांध्याच्या वांट्यास आलेला दाब ८.५ च्या निम्मा, म्हणजे सव्वाचार व्होल्ट. सव्वाचारास साडेआठांनीं गुणिलें कीं ३६ वॉट! रेडिओ दुरुस्त करणारा कथील वितळविण्यास जें हत्यार वापरतो, तें पुष्कळदां २५ वॉटचेंच असतें. त्याहून अधिक उष्णता भिंतींत नखाएवढ्या जागीं कोंडली जात होती.

आणि बिचाऱ्या एमसीबीनें काय करावें? त्याच्यावर १६ अँपिअरांचा आंकडा होता. त्यास दिसत होते साडेआठ, तेही पूर्वींपेक्षां कमी.

या हिशेबांत प्रवाह दोनदां आला, हें ध्यानांत घ्यावें: एकदां सांध्याचा दाब काढतांना, एकदां शक्ति काढतांना. म्हणून प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. वीजकेंद्राजवळच्या त्या उंच मनोऱ्यांचें मर्म हेंच. ट्रॉम्बेचें औष्णिक केंद्र १९५६ सालीं सुरू झालें. पण टाटांची खोपोलीची वीज १९१५ पासून मुंबईस येत होती, ती सुमारें एक लक्ष व्होल्टांच्या दाबानें. दहा हजार किलोवॉट २३० व्होल्टांवर पाठवूं म्हटलें तर प्रवाह ४३,००० अँपिअरांवर जातो; १,१०,००० व्होल्टांवर ९१ पुरतो. (तीन तारांच्या प्रवाहाचा गुणक आम्हीं सोयीसाठीं सोडिला आहे, त्यानें प्रमाण बदलत नाहीं.) प्रवाह ४७८ पटींनीं घटला, कीं त्याच तारेंतील नासाडी सव्वादोन लक्ष पटींहूनही अधिक घटते.

दुसरे दिवशीं जाणत्या कारागिरानें मुख्य बटण बंद करून सॉकेट उघडलें. आंतील तारेचें आवरण दोन बोटें जळालें होतें. आतां तेथें जाड तांब्याची तार व १६ अँपिअरचें सॉकेट आहे. तोंपर्यंत आंघोळीचें पाणी गॅसवर तापलें.

पुढें पंधरवड्यानें त्याचें पत्र आलें. त्यानें मापकयंत्र विकत घेतलें होतें. "गुरुजी, ६० वॉटच्या जुन्या दिव्याचा रोध आपल्या रीतीनें ८८० ओहम यावयास हवा. यंत्र तर शंभरही दाखवीत नाहीं. चूक कोणाची?" चूक कोणाचीच नव्हती. त्यानें थंड दिवा मोजला होता. आंतील टंगस्टनची तार पेटून शुभ्र झाली म्हणजे तिचा रोध दहापटींहून अधिक वाढतो. गीझरच्या तारेची मिश्रधातु तापली तरी फारशी बदलत नाहीं, म्हणून तेथें आमचें गणित निभावलें. दिवा लागलेला असतां दाब व प्रवाह मोजून भागाकार कर, परंतु तें काम त्या कारागिरास समोर बसवूनच कर, असें आम्हीं उलट टपालीं कळविलें आहे.