पाहण्यासारखें काय आहे?

सुटी लागली कीं मध्यम वर्गांत घरोघरीं एकच प्रश्न निघतो : मुलांस कोठें न्यावें? विट्यासारख्या तालुक्याच्या गांवीं तर उत्तरही ठरलेलें आहे : पुणें, मुंबई, नाहीं तर पाण्याच्या घसरगुंड्यांचें एखादें उद्यान. "आमच्या विट्यांत पाहण्यासारखें आहे तरी काय?" असा सवाल परवां एका विटेकर वकील स्नेह्यांनीं आम्हांस केला, आणि तोही आपल्या दहा वर्षांच्या चिरंजीवासमक्ष! या वकीलसाहेबांच्या वडिलांनीं तामीळ मुलखांत गलाईच्या भट्टीपुढें आयुष्य काढून त्यांस वकील केलें, ही गोष्ट ते त्या क्षणीं विसरले असावेत.

ज्या वाचकांस गलाई ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. विटा, खानापूर, आटपाडी या अवर्षणाच्या टापूंतील माणसें शेती पोसेना म्हणून बाहेर पडलीं, आणि आज देशांतील बहुतेक मोठ्या सराफी पेठांत या बाजूचा गलाईवाला आढळतो. जुन्या दागिन्याचें सोनें शुद्ध करावयाचें म्हणजे आधीं त्यांत सुमारें तिप्पट चांदी घालून तें मुशींत वितळवावयाचें, मग तेजाबांत उकळावयाचें. चांदी विरघळते, सोनें तपकिरी भुकटी होऊन तळाशीं राहतें. उरलेल्या द्रवांत तांब्याचा पत्रा सोडला कीं चांदीही पुन्हां खालीं बसते. सराफाच्या दुकानांतला केरसुद्धां हे लोक जाळून व धुऊन त्यांतील कण वेगळे काढतात. सोनें शुद्ध करण्यासाठीं त्यांत प्रथम भेसळ करावी लागते, हें ऐकून कोणाचें मूल डोळे विस्फारणार नाहीं? कॉलेजांत आम्ही मंडळी हेंच रसायन फळ्यावर मांडतों आणि विद्यार्थी जांभया देतात.

या विद्येचें एखादें दालन विट्यांत असावें, एवढेंच आमचें म्हणणें. त्यावर वकीलसाहेब म्हणाले, संग्रहालयें काढणें हें राजेरजवाड्यांचें काम. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उघडलें, हें खरें; रविवर्म्याचीं चित्रें आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें माता व बालक यांचें दगडी शिल्प त्या संग्रहांत आहे. (विट्याहून मायणी-वडूजवरून सकाळीं निघावें, सायंकाळीं परत यावें, तरी वकीलसाहेबांनीं तें अद्याप पाहिलेलें नाहीं.) परंतु पुण्याचे दिनकर केळकर कोठले संस्थानिक होते? दिवे, अडकित्ते, दौती असल्या घरगुती वस्तु जमवून त्यांनीं राजा केळकर संग्रहालय उभें केलें. स्वीडनांत आर्तुर हाझेलियस या पेशानें शिक्षक असलेल्या गृहस्थानें १८९१ सालीं स्टॉकहोम येथें स्कान्सेन उघडलें. खेड्यांतील जुनीं घरें उचलून आणून तेथें मांडलेलीं आहेत, आणि कारागीर प्रेक्षकांदेखत काम करतात. मुलाबाळांसह कुटुंबेंच्या कुटुंबें तेथें दिवस घालवितात.

मुलें आणि तेजाब एकत्र नकोत, हा आक्षेप रास्त आहे; जाड कांच त्याचें निवारण करील. धंद्याचें गुपित फुटेल, हा आक्षेप हास्यास्पद आहे, कारण तें गुपित रसायनाच्या पुस्तकांत छापलेलें आहे. तिसरा आक्षेप मात्र कोणी तोंडानें बोलत नाहीं. भट्टीचें काम हें दाखविण्याजोगें नसून झांकण्याजोगें आहे, अशी आमच्या शिकलेल्या मंडळींची मनांतून समजूत आहे. भट्टीच्या पैशावर बंगला चालतो, भट्टीची आठवण चालत नाहीं! आमचा सारा रोष या समजुतीवर आहे. तेजाबांतून निघणारा तांबूस धूर फुप्फुसें पोखरतो, हेंही त्या दालनांत स्पष्ट लिहिलेलें असावें. आपली फी कोणाच्या श्वासांतून आली, हें दहा वर्षांच्या मुलास कळावयास हरकत कोणती?

आरंभास एखाद्या शाळेच्या दोन खोल्या पुरतील. तराजू, मुशी, सांडशा, परमुलखांतून घरीं आलेलीं पत्रें, आणि समोर खुर्चीवर बसून बोलणारा एखादा थकलेला गलाईवाला. दसऱ्यास पालख्यांची शर्यत पाहावयास दूरदूरचे गलाईवाले गांवीं परततात. त्याच आठवड्यांत दार उघडावें. पहिली वस्तु कोणी द्यावयाची, याचीही आम्हीं चौकशी करून ठेविली आहे. वकीलसाहेबांच्या माळ्यावर त्यांच्या वडिलांची मूस व सांडशी अद्याप आहे, असें त्यांच्या मातोश्रींकडून कळतें.