हसवायला मालवणी, राज्य करायला घाटावरचे

मराठी राजकीय चित्रपटातला पुढारी आठवून बघा. ‘सामना’तला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील, ‘सिंहासन’मधले मंत्रालयातले शह-काटशह, ‘देऊळ’मधले भाऊ गलांडे. सगळं राजकारण घाटावरचं, नाहीतर मुंबईचं. ज्या कोकण किनाऱ्याने बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवलं, तिथला माणूस अशा चित्रपटांत दिसलाच तर नोकर, चहावाला किंवा हवालदार म्हणून. तो हेल काढून ‘मेल्या’ म्हणतो, प्रेक्षक हसतात आणि पुढच्या दृश्यात निर्णय दुसरेच घेतात. मला हे मनापासून खुपतं.

2010 साली ‘झेंडा’ आला तेव्हा सदा मालवणकर या पात्रावरून रान उठलं. हे पात्र नारायण राणे यांच्यावर बेतलंय, असा आक्षेप नितेश राणे यांनी घेतला. चर्चा झाली ती एका नेत्याच्या प्रतिमेची. लालबाग-परळमध्ये शाखा उभ्या करणाऱ्या, सतरंज्या उचलणाऱ्या, अंगावर केसेस घेणाऱ्या चाकरमान्याला पडद्यावर जागा किती, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. ‘झेंडा’ निदान कार्यकर्त्याची होरपळ दाखवतो, हे त्याचं श्रेय. पण त्या कार्यकर्त्यांच्या गर्दीत कोकणातून आलेले किती होते, हे मुंबईत कुणालाही ठाऊक आहे.

मालवणी माणसाला मध्यभागी ठेवणं रंगभूमीने आधीच करून दाखवलं होतं. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ 1980 मध्ये आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवलं; त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले. त्यातले तात्या सरपंच विनोदी आहेत, पण सरपंचही आहेत. नाटक बसवायचं म्हटल्यावर गावातले मानपान, रुसवेफुगवे, अधिकाराची हौस सगळं वर येतं, आणि हसणारे-हसवणारे दोन्ही मालवणीच. दशावतारातला संकासुरही गावाच्या कारभारावर गावासमोरच बोलतो. ही ताकद आपल्याकडे शतकांपासून आहे.

मात्र या परंपरेतही एक जागा रिकामी आहे, आणि ती झाकून चालणार नाही. दशावतारात स्त्रीपात्रं पुरुषच रंगवत आले. प्रत्यक्षात मात्र स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना 50 टक्के आरक्षण 2011 पासून आहे. आज कोकणात कित्येक सरपंच बायका आहेत, त्यांतल्या काही राखीव प्रवर्गातून निवडून आलेल्या. नवऱ्याने खुर्ची बळकावली तरी त्याच्याशी भांडून ग्रामसभा चालवणारी बाई आपल्या व्यंगपटाची नायिका का होत नाही? ‘देऊळ’मध्ये सरपंच बाई होती, सूत्रं मात्र भाऊंच्या हाती. ते चित्रण खरं होतं, पण ती गोष्ट भाऊंची आणि केशाची होती. सरपंचबाईची गोष्ट अजून कुणी सांगितलेली नाही.

आणि व्यंगपटाला विषय? 1987 साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटरचं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात जाळी पडली, तिथे कागदावर एक रेघ ओढली गेली आणि मच्छीमारांचा विरोध अजून शमलेला नाही. दुसरीकडे रापण ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांचा पर्ससीन जाळी आणि एलईडी दिवे वापरणाऱ्यांशी झगडा. यात गाबीत आहेत, ख्रिस्ती मच्छीमार आहेत, मुसलमान आहेत, किनाऱ्यावर लिलावात भाव फोडणाऱ्या बायका आहेत. निवडणूक आली की प्रत्येक पक्षाचा उमेदवार याच बायकांपुढे हात जोडतो. राजकीय व्यंगाला याहून चांगली सामग्री कुठे मिळणार?

2025 च्या ‘दशावतार’ने दिलीप प्रभावळकरांच्या बाबुली मेस्त्रीला चित्रपटाच्या मध्यभागी उभं केलं आणि खाणींचा प्रश्न मांडला. तो थरारपट होता, तरीही लोकांनी गर्दी केली. म्हणजे प्रेक्षक नाही ही सबब संपली.

आता कुणी मालवणच्या किनाऱ्यावरचा राजकीय व्यंगपट करणार असेल, तर त्याने कलाकारांची निवड अंधेरीत बसून करू नये. कुडाळात, मालवणात, वेंगुर्ल्यात यावं. इथल्या दशावतारी कंपन्यांत आणि हौशी मंडळांत तयार नट आहेत, आणि आता नट्याही आहेत. पटकथाकाराने तर त्याआधी लिलावाच्या वेळी किनाऱ्यावर उभं राहून त्या बायका सरकारबद्दल काय बोलतात ते ऐकावं आणि जमलं तर त्यांच्यातल्याच एकीला लिहायला सोबत घ्यावं.