नाव लपवण्याची नोकरी

तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाने पोटापाण्यासाठी काय करावे, या जुन्या प्रश्नाला अलीकडे एक नवे उत्तर सुचवले जाऊ लागले आहे. त्याने म्हणे 'मिस्टरी शॉपर' व्हावे. साध्या गिऱ्हाइकाचे सोंग घेऊन दुकानात शिरावे. विक्रेत्याने हसून स्वागत केले का, गणवेश घातला होता का, किती मिनिटांत विचारपूस केली, पावती दिली की नाही, हे सारे मनात टिपावे आणि घरी येऊन प्रश्नावली भरून द्यावी. मोबदल्यात खरेदीचे पैसे परत आणि वर काही रुपये. सुटलेल्या कैद्याला हे काम सोयीचे का, तर इथे साहेब नाही, हजेरीपट नाही, मुलाखत नाही. मागचे कोणी विचारत नाही. असा सल्ला देणारी माणसे सहृदय असतात, हे आम्ही मान्य करतो. आमचा आक्षेप त्यांच्या सहृदयतेवर नाही. ती जिथे जाऊन थांबते त्या जागेवर आहे.

आधी व्यवहार पाहू. साहित्याच्या माणसांनी पैशाचे बोलू नये, हा आपल्याकडचा संकेत आम्हांला मान्य नाही. ठाण्याचा गोखले रोड, कल्याणचा शिवाजी चौक, डोंबिवलीचा फडके रोड, शिवाय जागोजाग उभे राहिलेले मॉल. दुकानांना तोटा नाही, तेव्हा दुकाने तपासणाऱ्यांच्या कामालाही तोटा नसणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हे काम भेटीगणिक मिळते. एकदा गेलेल्या दुकानात लगोलग पुन्हा जाता येत नाही, कारण चेहरा ओळखीचा झाला की गुप्तता संपली. पैसे आधी आपल्या खिशातून घालायचे आणि अहवाल मान्य झाल्यावर ते परत यायची वाट पाहायची. अहवाल पुष्कळदा इंग्रजीत लिहायचा. स्मार्टफोन हवा, बँकेत खाते हवे, पॅन कार्ड हवे, आणि मॉलच्या दारावरच्या रखवालदाराने दोनदा वळून पाहू नये असे कपडे हवेत. आधारवाडीच्या फाटकातून पिशवी घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाकडे यांतले नेमके काय असते? ज्याच्याकडे हे सगळे आहे, त्याला या कामाची गरज जोडधंदा म्हणूनच असते. हे काम खरोखर कोणाला परवडते, तर महाविद्यालयीन मुलांना आणि घरात दुसरा पगार येत असलेल्यांना. भविष्य निर्वाह निधी, आजारपणाची रजा, कामाचा दाखला यांतले काहीच यात नाही. त्यातून याच नावाखाली 'नोंदणी शुल्क' उकळून पसार होणाऱ्यांचा सुळसुळाट जगभर आहे. अडलेला माणूस त्यांना आयताच सापडतो.

या व्यवसायाला मराठी नाव नाही. 'गुप्त ग्राहक' म्हणावे तर बाबूराव अर्नाळकरांच्या एखाद्या कादंबरीचे शीर्षक वाटते. असो. त्याचा उगम मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. अमेरिकेत १९४०च्या दशकात ही पद्धत रुजली ती ग्राहकसेवा सुधारावी म्हणून नव्हे, तर दुकानांतले आणि बँकांतले नोकर गल्ल्यावर हात मारतात की काय, हे पाहण्यासाठी. म्हणजे मुळात नोकर हा संभाव्य चोर आहे या गृहीतकावर उभा राहिलेला हा धंदा. आणि आता ज्याच्यावर चोर म्हणून शिक्का बसलेला आहे त्यालाच त्या पहाऱ्यावर पाठवायचे! यात काव्यगत न्याय दिसत असेल त्यांना तो दिसो. आम्हांला दिसते ती काउंटरपलीकडे दहा-दहा तास उभी असलेली, लोकलच्या गर्दीतून आलेली, तुटपुंज्या पगारावरची मुलगी. एका दुपारी तिचे हसू आटले, आणि ते आटल्याची नोंद कोणी केली, तर ज्याच्या स्वतःच्या आयुष्याचा निकाल एका नोंदीने लागला त्याने. शिक्षा भोगून आलेल्याला दुसऱ्याच्या शिक्षेचे हत्यार करणे, याला पुनर्वसन म्हणायचे असेल तर तो शब्द आपण पुन्हा कोशात पाहायला हवा.

यावर कोणी म्हणेल की चोराच्या हाती किल्ली देण्याची युक्ती फार जुनी आहे. आहेच. कौटिल्याच्या गूढपुरुषांत व्यापाऱ्याच्या वेषातले हेर आहेत, आणि चोरांच्या टोळीत शिरण्यासाठी जुन्या चोराचे सोंग घेतलेलेही आहेत. फ्रान्समध्ये विडोक हा स्वतः तुरुंग भोगलेला इसम १८१२च्या सुमारास पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख झाला आणि त्याने आपल्या हाताखाली माजी गुन्हेगारच घेतले. बाल्झाकचा वोत्रँ त्याच्यावरून घडला, हे तुलनात्मक साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. पण इतक्या दूर जायचे कारण नाही. आपल्या देशावरच्या गावगाड्यात रात्रीची राखण रामोश्यांकडे असे. गावात चोरी झाली तर माग काढण्याची, न निघाला तर भरपाईची जबाबदारी त्यांच्यावर येई. उमाजी नाइकांना इंग्रजांनी १८३२ मध्ये फाशी दिली. पण त्याआधी त्याच इंग्रजांनी त्यांना माफी देऊन पुरंदरच्या मुलखात बंदोबस्ताचे काम सोपवले होते.

या दाखल्यांत एक भेद आहे आणि आमचा सगळा युक्तिवाद त्या भेदावर उभा आहे. हेराचे काम चोरटेपणाचे, राखणदाराचे उघड. रामोशी रात्री हाळी देत फिरे तेव्हा अख्ख्या गावाला तो कोण, कोणाचा, कुठला हे माहीत असे. त्याचा मोबदला उघड होता, त्याची जबाबदारी उघड होती, आणि त्याच्यावरचा अविश्वासही, असलाच तर, उघड होता. या व्यवस्थेचे गोडवे आम्ही गात नाही. ती जातीच्या खुंट्याला बांधलेली होती आणि तिच्यातून सुटका नव्हती. पण तिने त्या माणसाला बिनचेहऱ्याचे केले नव्हते. ते काम वसाहती कायद्याने केले, आणि तेही उलट्या बाजूने: माणूस पुसून टाकून त्याच्या जागी नोंद ठेवली.

१८७१चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे १९११च्या दुरुस्तीनंतर मुंबई इलाख्यातही आला. जन्मानेच गुन्हेगार ठरलेल्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत झाली. तिथली माणसे गिरण्यांत राबायला जात आणि कुंपणाआड परत येत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द मात्र वस्तीच्या नावात अजून शिल्लक आहे. कायदा गेला आणि सात वर्षांत, १९५९ मध्ये, मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला. जमात गेली, 'सराईत' आला. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून ते विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांतून शिकवले जाते. हजेरी, झडती, मारहाण यांवर विद्यार्थी दहा-दहा गुणांची उत्तरे लिहितात. तीच मुले सकाळी वर्तमानपत्रात 'सराईत गुन्हेगार दोन वर्षांसाठी तडीपार' असा मथळा वाचतात, आणि या दोन मजकुरांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे त्यांच्या मनातही येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंग-नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्त जमातींना 'सराईत' समजण्याच्या प्रवृत्तीवर बोट ठेवले. या निकालावर मराठी विभागांतून चर्चासत्रे व्हायला हवी होती.

'मागचे कोणी विचारत नाही' ही या कामाची सर्वांत मोठी सोय सांगितली जाते. तर मग इतर ठिकाणी मागचे विचारतात ते कोण आणि कशाच्या आधारे? खाजगी सुरक्षारक्षकाच्या पूर्वचरित्राची पडताळणी २००५च्या कायद्याने आवश्यक केली आहे. ती समजण्यासारखी आहे. पण पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला आता झाडूवाल्यालाही मागितला जातो, उपाहारगृहात कपबशा विसळणाऱ्यालाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांतले सुमारे ७६ टक्के बंदी कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकाल लागायचाच होता. यांतली पुष्कळ माणसे उद्या निर्दोष सुटतील. तोवर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आणि नोकरी देणाऱ्यांच्या लेखी ती 'आत जाऊन आलेली' झालेली असतील. ब्रिटनने १९७४ मध्ये कायदा करून ठरवले की ठरावीक काळ स्वच्छ गेला की बऱ्याचशा जुन्या शिक्षा नोकरीपुरत्या 'संपल्या' असे धरावे. आपल्याकडे असा सर्वसाधारण कायदा नाही. परिविक्षेवर सोडलेल्याला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागू नये, असे १९५८च्या कायद्याचे १२वे कलम सांगते. बालकांपुरती अशी तरतूद २०१५च्या बाल न्याय कायद्यात आहे. माहिती दडवणाऱ्या उमेदवारांविषयी २०१६च्या अवतार सिंग निकालात न्यायालयाने गुन्ह्याचे स्वरूप, वय, कामाचे स्वरूप पाहा असे म्हटले. म्हणजे विचार करण्याची वाट कायद्याने बंद केलेली नाही. बंद केली आहे ती छापील अर्जातल्या एका रकान्याने, ज्यात 'होय' आणि 'नाही' यांखेरीज तिसरे उत्तर लिहायला जागा नसते.

मराठी साहित्याने तुरुंगाला किती मान दिला! टिळकांचे 'गीतारहस्य' मंडालेचे, साने गुरुजींची 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगातली, सावरकरांची 'माझी जन्मठेप' अंदमानची. आणि अंदमानला नेण्यापूर्वी सावरकरांना ठेवले होते ते आमच्या ठाण्याच्या तुरुंगात. याच तुरुंगात १९१० मध्ये अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. ठाणेकर त्या भिंतीपुढून जाताना मान लववतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच भिंतीआडून आज खिसे कापल्याबद्दल दीड वर्ष काढून जो बाहेर येतो त्याच्यासाठी आमच्या भाषेत 'सराईत' याखेरीज शब्द नाही. दिवाळीत कारागृहांत तयार झालेल्या वस्तू आपण कौतुकाने विकत आणतो. आतल्या हाताने केलेला आकाशकंदील चालतो. तोच हात बाहेर आला की चालत नाही.

बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा (संग्रह १९६३चा) इथे आठवल्यावाचून राहत नाही. परगावी नोकरीवर आलेला निवेदक डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात दडवतो, आणि ती उघडी पडल्यावर जे व्हायचे ते होते. जात आणि गुन्हा या एक गोष्टी नव्हेत. जन्माबद्दल कोणाला जाब देता येत नाही, कृत्याबद्दल द्यावा लागतो आणि या माणसांनी तो दिलेलाही असतो. तरीही दडवण्याची यंत्रणा तीच आहे. प्रत्येक ओळख ही उघडे पडण्याची सुरुवात असते. आता अशाच माणसाला आपण सांगतो आहोत, की बाबा रे, तुझ्या या दडवण्यालाच आम्ही पगार देतो.

याच महाराष्ट्राने एकदा याच्या नेमके उलट करून दाखवले होते. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची कल्पना आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधींचा पाठिंबा. भिंती नाहीत, शेती आहे, कुटुंबासह राहणारे कैदी आहेत. ग. दि. माडगूळकरांच्या लेखणीतून आणि शांतारामबापूंच्या दिग्दर्शनातून १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' आला तो या प्रयोगाच्या आधारे. त्या चित्रपटातला बाजाराचा भाग वर्गात पुन्हा पाहण्याजोगा आहे. खुनाची शिक्षा झालेले सहा जण आपण पिकवलेली भाजी घेऊन बाजारात बसतात, रास्त भावाने विकतात आणि व्यापाऱ्यांचा मार खातात. तो मार ते चेहरा उघडा ठेवून खातात. बाजारात त्यांना जागा हवी आहे ती विक्रेत्याची. बाजारावर नजर ठेवणाऱ्याची नव्हे. तेलंगणाच्या कारागृह विभागाचे पेट्रोलपंप आजही कैद्यांच्या आणि सुटलेल्यांच्या हातून चालतात, आणि गाडीत इंधन भरून घेणाऱ्याला ते ठाऊक असते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून सुटलेल्यांना कामाशी जोडून देतो आहे. तो मार्ग संथ आणि कष्टाचा आहे, कारण तिथे काम देणाऱ्याचेही मन वळवावे लागते. गुप्त ग्राहकाचा सल्ला देणाऱ्यांना हाच त्रास चुकवायचा असतो.

उपाशी राहण्यापेक्षा हे बरे नव्हे काय? बरे आहे. जो हे काम पत्करील त्याला आम्ही शब्दाने दुखावणार नाही. चार पैसे मिळाले तर मिळवावेत. आमचे भांडण सल्लागारांशी आहे, आणि त्यांतही आमच्याच व्यवसायबंधूंशी, कारण हा प्रश्न त्यांच्या आवारातला आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या महाविद्यालयांत साफसफाई, उपाहारगृह, बागकाम ही कामे कंत्राटाने दिली जातात. सुरक्षारक्षकांसाठी केलेला २००५चा कायदा त्यांना लागू नाही. कंत्राटाच्या मसुद्यात 'कोणताही गुन्हा नोंद नसलेले कर्मचारी' असे सरसकट वाक्य असेल तर ते तिथे कोणी घातले, हे विचारायचा अधिकार महाविद्यालय विकास समितीवर बसलेल्या शिक्षक प्रतिनिधीला आहे. 'उचल्या' शिकवणाऱ्या प्राध्यापकाने पुढच्या बैठकीत तो वापरावा, आणि त्या वाक्याच्या जागी तीन प्रश्न घालून मागावेत: खटला निकाली निघाला आहे का, त्या गुन्ह्याचा या कामाशी काय संबंध आहे, आणि मध्ये किती वर्षे गेली आहेत.