त्या मुलाचे नाव कोणी विचारले नाही

आपल्या वस्तीत ‘मिलिंद’ अशी हाक मारली तर दोन-तीन घरांतून तरी ‘ओ’ येते. इंदोरा असो, पाचपावली असो की रामबाग, या नावाचा मुलगा नाही अशी गल्ली सापडणे कठीण. पण हे नाव मूळचे ग्रीक आहे हे किती आईबापांना ठाऊक असते? इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात सागल, म्हणजे आजचे सियालकोट, येथे मिनांडर नावाचा यवन राजा होता. भिक्खू नागसेनाला त्याने प्रश्नावर प्रश्न विचारले, त्याचा ‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथ झाला. परमपूज्य बाबासाहेबांनी औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, आपल्या महाविद्यालयाला याच राजाचे नाव दिले. तेव्हा वाचकहो, ग्रीकांचा मुलूख आपल्याला अगदीच परका नाही. आज आम्ही त्या मुलखावर रचलेल्या ऐतिहासिक गोष्टींविषयी लिहीत आहोत.

अशा गोष्टी आपल्या घरात आधीच पोचलेल्या आहेत. शाळेत मुले इसापनीती वाचतात. हा इसाप गुलाम होता, असे हिरोडोटस या जुन्या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. मराठी रंगभूमीवर १९९९ साली मकरंद साठे यांचे ‘सूर्य पाहिलेला माणूस’ हे नाटक आले. त्यात डॉ. श्रीराम लागूंनी सॉक्रेटिस उभा केला. राहुल सांकृत्यायन यांनी १९४२ साली हजारीबागच्या तुरुंगात ‘वोल्गा से गंगा’ लिहिले. त्यातल्या ‘नागदत्त’ या कथेत तक्षशिलेचा वैद्य थेट ग्रीकांच्या देशी जातो आणि तिथे ॲरिस्टॉटलला भेटतो. राहुलजींचे जिवाभावाचे सोबती भदन्त आनंद कौसल्यायन आपल्या नागपुरातच राहिले आणि १९८८ साली इथेच त्यांचे निधन झाले. दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने लागतात तेव्हा राहुलजींची पुस्तके जरूर पाहावीत.

आता तर मुले मोबाईलवर स्पार्टाच्या लढवय्यांचे सिनेमे पाहतात. तीनशे वीर खिंडीत लढले हे त्यांना पाठ असते. पण हे वीर जेवत काय होते आणि ते धान्य कोण पिकवत होते, हे सिनेमा सांगत नाही. स्पार्टाची शेती हेलॉट नावाचे वेठीला बांधलेले लोक करीत. इ.स.पू. ४७९ च्या प्लाटियाच्या लढाईत एकेका स्पार्टन शिपायामागे सात-सात हेलॉट होते, असे हिरोडोटस सांगतो. शिपायांची संख्या पाच हजार, म्हणजे हेलॉट पस्तीस हजार झाले. त्यांच्यावर सिनेमा काढावा असे कोणाला वाटत नाही.

आमचा पेशा कारकुनाचा. जमाखर्चाची वही दिसली की आमची नजर तिथे थांबते. अथेन्सच्या टेकडीवर एरेक्थियम नावाचे देऊळ आहे. इ.स.पू. ४०९ ते ४०७ च्या सुमारास त्याचे काम पुरे करताना झालेला खर्च लोकांनी पाहावा म्हणून दगडावर कोरून ठेवला. त्याचे तुकडे आजही आहेत. कोणत्या कामगाराचा दर्जा काय होता हे ज्यांच्याबाबत कळते असे ८६ जण त्यात मोजले गेले. त्यांत २४ नागरिक, ४२ बाहेरून येऊन राहिलेले परके आणि २० गुलाम. खांबावर पन्हळी कोरण्याच्या कामावर नागरिकाच्या शेजारी गुलाम बसलेला आहे. मजुरीचा दर सगळ्यांना सारखाच, साधारण दिवसाला एक द्राख्मा. फरक एवढाच की गुलामाच्या कमाईवर हक्क मालकाचा. छिन्नी तीच, घाम तोच, पण पैसा दुसऱ्याच्या खिशात. आपल्या आजोबा-पणजोबांनी पाटील-सावकारांच्या घरी राबताना हा हिशेब दुसऱ्या तऱ्हेने पाहिला आहे.

त्याहून वाईट दशा लॉरियनच्या चांदीच्या खाणीत होती. निकियास नावाच्या धनवान सेनापतीने आपले एक हजार गुलाम तिथे भाड्याने लावले होते. एका गुलामामागे रोज एक ओबोल. सहा ओबोल म्हणजे एक द्राख्मा. हिशेब करून पाहा, मालकाला घरबसल्या दिवसाकाठी १६६ द्राख्मांहून अधिक मिळत. पुढे इ.स.पू. ४१३ मध्ये स्पार्टाच्या फौजेने अथेन्सजवळ ठाणे दिले, तेव्हा वीस हजारांवर गुलाम पळून गेले आणि त्यांत बहुतेक कारागीर होते, असे थुसिडिडीसने लिहिले आहे. वीस हजार माणसे! त्यातल्या एकाचीही गोष्ट त्याने सांगितली नाही. लेखकासाठी केवढी जागा मोकळी पडली आहे!

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुलगा. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस मेनोच्या चाकरांपैकी एका मुलाला जवळ बोलावतो. मुलगा मेनोच्या घरीच जन्मलेला गुलाम, भूमिती कधी शिकलेला नाही. सॉक्रेटिस जमिनीवर दोन फूट बाजूचा चौरस काढतो. त्याचे क्षेत्रफळ चार. विचारतो, याच्या दुप्पट, म्हणजे आठ फुटांचा चौरस हवा तर बाजू किती घ्यावी? मुलगा म्हणतो, चार. पण त्याचे तर सोळा होतात. मग म्हणतो, तीन. त्याचे नऊ होतात. मुलगा कबूल करतो की मला येत नाही. सॉक्रेटिस त्याला हिणवत नाही, पुन्हा विचारतो. शेवटी मुलाला उमगते की पहिल्या चौरसाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणारी तिरपी रेघ हीच नव्या चौरसाची बाजू.

घरी फरशी असेल तर आज संध्याकाळी मुलांना घेऊन बसा. एकमेकींना लागून असलेल्या चार फरश्या घ्या. प्रत्येकीवर खडूने एक तिरपी रेघ अशी काढा की मध्ये तिरपा चौकोन तयार होईल. त्या चौकोनात प्रत्येक फरशीची अर्धी जागा आली, म्हणजे मिळून बरोबर दोन फरश्या. चौथी-पाचवीच्या मुलालाही हे पटते.

यावरून सॉक्रेटिस आत्मा आणि पूर्वजन्म यांच्याकडे वळला. ते आपल्याला पटणारे नाही. आम्हाला त्यात दिसते ते एवढेच की विचारणारा भेटला आणि चुकायला वेळ मिळाला, तर चाकराच्या पोरालाही भूमिती येते. पण पुढे काय झाले? उत्तर येताच संवाद मुलाला सोडून पुन्हा सद्गुणाच्या चर्चेकडे गेला. त्याचे नाव कोणी विचारले नाही. त्याला शिकवा असे कोणी म्हटले नाही. पुढे याच प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल लिहून गेला की काही माणसे निसर्गानेच गुलाम असतात. गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे असे म्हणणारे लोक तेव्हाही होते. ही नोंद खुद्द ॲरिस्टॉटलनेच केली आहे.

आपल्या तथागतांनीही या यवनांचा दाखला दिला आहे. मज्झिमनिकायातल्या अस्सलायन सुत्तात जन्माने श्रेष्ठ म्हणवणाऱ्या अस्सलायन नावाच्या तरुणाला ते विचारतात की यवन आणि कंबोज देशांत मालक आणि दास असे दोनच वर्ण असतात, मालकाचा दास होतो आणि दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस ना? म्हणजे चार वर्ण सगळ्या जगाला लागू नाहीत, ते माणसांनी केलेले आहेत. तथागतांनी ग्रीकांची दासप्रथा वाखाणली नाही. जन्माचा बडेजाव खोटा ठरवायला तिचा पुरावा घेतला. परक्या देशाची गोष्ट वाचायची ती अशी, दिपून न जाता आणि आपल्या कामाचा पुरावा शोधत.

आमचे म्हणणे एवढेच आहे. मराठीत ऐतिहासिक कादंबऱ्या खंडीभर आहेत, पण त्या बहुतेक राजवाड्यातल्या. मेनोच्या चाकराची गोष्ट लिहायला राजवाड्याची ओळख लागत नाही. ती लागते मालकाच्या दारात उभे राहिलेल्या माणसाला आणि ती जाण आपल्या घराघरात आहे. लिहिताना मात्र इतिहासाशी खोटेपणा करू नये. त्या काळी ग्रीसमध्ये मिरची, टोमॅटो, बटाटा नव्हता. गरीब माणूस जवाची भाकर, ऑलिव्ह आणि खारवलेली मासळी खाई. गुलामाला शेवटी राजा करू नये, तसे घडत नसे. पण त्या रात्री तो मुलगा मेनोचे पाय चेपताना मनात तिरपी रेघ काढत होता, एवढे लिहायला कोणाची हरकत आहे?

आपल्या शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी हे करून पाहावे. दोन पाने पुरेत. आधी त्या मुलाला एक नाव द्या आणि मग पुढची गोष्ट लिहा. लिहून झाले की आजी-आजोबांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांनी हुंकार दिला तर गोष्ट जमली असे समजावे.